इस्त्री ५३ ओहम, कूलरही ५३ ओहम. मग करंटमध्ये पाचपट फरक कसा?

नंदनवन_दुसरा_मजला

नमस्कार मंडळी. नवतप्याच्या (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या) आधी घरातली कोणती वस्तू किती वॅट ओढते ते मोजून कागदावर मांडतो आहे. शाळेतलाच हिशोब धरला: व्होल्ट भागिले अँपिअर बरोबर ओहम, व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॅट. इस्त्रीवर तो चोख बसला, कूलरवर मात्र साफ फसला.

संध्याकाळी साडेसातला सॉकेटवर २२२ व्होल्ट होते.

इस्त्री (१००० वॅट): प्लग बाहेर काढून, थर्मोस्टॅट पूर्ण फिरवून, प्लगच्या दोन बारीक पिनांमध्ये ५३ ओहम. चालू केल्यावर क्लॅम्प मीटरवर (तारेभोवती जबडा धरून करंट मोजतो तो) ४.२ अँपिअर. २२२ ÷ ५३ = ४.१९, म्हणजे जुळलं.

कूलर (लोखंडी बॉडी, १८ इंची पंखा): पंपाचं बटण बंद, पंखा फुल स्पीडला, तसंच प्लगवर मोजलं तर तेही ५३ ओहम. या हिशोबाने करंट ४.१९ आणि पॉवर ९३० वॅट यायला हवी. पण क्लॅम्प दाखवून राहिला फक्त ०.८५ अँपिअर. तीनदा मोजलं, तेच.

मीटर चुकतो की सूत्र? आणि बिलासाठी नेमका कोणता आकडा धरू? ९३० वॅट खरे असतील तर रोज १२ तासांनी महिन्याला ३३५ युनिट एकट्या कूलरचे होतात.

टाँग_टेस्टर

तुमचा मीटरही बरोबर आहे, आकडेही बरोबर आहेत. फक्त कूलरवर मोजलेले ५३ ओहम या हिशोबात वापरायचे नव्हते.

मल्टिमीटर ओहम मोजतो तेव्हा आतल्या बॅटरीचा थोडासा डीसी करंट सोडतो. डीसीला दिसते ती निव्वळ तार, तिची लांबी आणि जाडी. इस्त्रीत तारेपलीकडे काहीच नाही. कॉइल तापते, बस. म्हणून डीसीवरचे ५३ ओहम एसीवरही ५३ च राहतात. निक्रोमचा (इस्त्रीच्या कॉइलच्या मिश्रधातूचा) रेझिस्टन्स तापल्यावरही थोडे टक्केच वाढतो, त्यामुळे थंड कॉइल मोजून केलेला हिशोब चालतो.

कूलरची मोटर ही लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर गुंडाळलेली तार आहे. ५० सायकलच्या एसीवर त्या गाभ्यातलं चुंबकत्व सतत उलटसुलट होतं आणि त्याच तारेत पुरवठ्याच्या विरुद्ध दिशेचा व्होल्टेज तयार करतं. २२२ पैकी मोठा भाग या विरोधातच खपतो. तारेच्या स्वतःच्या ५३ ओहमला उरतो तो थोडा. एसीला होणाऱ्या या एकूण अडथळ्याला इंपीडन्स म्हणतात, आणि तो तुम्ही नकळत मोजलेला आहेच: २२२ ÷ ०.८५ = २६१ ओहम. एककही ओहमच, पण हा मल्टिमीटरवर कधी दिसणार नाही. चालू मोटरवर व्होल्ट आणि अँपिअर मोजूनच तो काढावा लागतो.

अजून एक गोष्ट. पंख्याच्या या मोटरमध्ये दोन वाइंडिंग असतात, रनिंग आणि स्टार्टिंग. स्टार्टिंगच्या सिरीजमध्ये कपॅसिटर असतो आणि कपॅसिटर डीसी अडवतो. त्यामुळे प्लगवरून मोजलेले ५३ ओहम एकट्या रनिंग वाइंडिंगचे आहेत.

म्हणून व्होल्टचा वर्ग ÷ ओहम हे सूत्र इस्त्री, गीझर, हीटर रॉड, शेगडी यांच्यासाठीच ठेवा. मोटर, चोक, ट्रान्सफॉर्मर, एलईडी ड्रायव्हर, चार्जर यांना ते लावू नका.

काटोल_रोड_५

म्हणजे २२२ × ०.८५ = १८८ वॅट धरायचे ना? कुठे कुठे त्याला ०.८ ने गुणायला सांगतात, मग १५१ होतात. नक्की काय?

टाँग_टेस्टर

१८८.७ हा आकडा व्होल्ट-अँपिअरचा आहे, वॅटचा नाही. मोटरमध्ये करंट व्होल्टेजच्या थोडा मागे चालतो, त्यामुळे काही करंट नुसता येऊन परत जातो. घरगुती बिल वॅटवरच बनतं. दोघांमधलं गुणोत्तर म्हणजे पॉवर फॅक्टर. तो ०.८ च असेल असं कोणी सांगितलं? कपॅसिटरची पंखा-मोटर ०.९ च्या वरही जाते आणि छोटा शेडेड पोल (कपॅसिटर नसलेल्या साध्या मोटरचा) पंप ०.६ च्या खालीही असतो. अंदाजाने गुणू नका, मोजा. त्यासाठी वॅटमीटर विकत घ्यायचीही गरज नाही, घरात आधीच एक उत्तम वॅटमीटर लावलेला आहे: महावितरणचा.

मीटरच्या पाटीवर ३२०० इंप/केडब्ल्यूएच किंवा १६०० असा आकडा असतो. तितक्या वेळा लाल दिवा लुकलुकला की एक युनिट झालं. पद्धत अशी:

फ्रिज, इन्व्हर्टर, वायफाय, सेट टॉप बॉक्स, मोबाइल चार्जर, सगळं बंद करा. इन्व्हर्टरचा चार्जर हमखास विसरला जातो आणि शंभर-दीडशे वॅट नकळत मिसळतात. मग पाच मिनिटं दिवा बघा. लुकलुकत असेल तर अजून काहीतरी चालू आहे.

कूलर लावा, पंखा पूर्ण वेगाला येऊ द्या. एका लुकलुकीला मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू करा, ती मोजायची नाही. पुढची पहिली म्हणजे एक, असं दहापर्यंत. सुरुवातीच्या लुकलुकीलाच "एक" म्हटलं की नऊच अंतरं मोजली जातात आणि उत्तर अकरा टक्क्यांनी जास्त येतं. ही चूक फार होते.

३२०० च्या मीटरवर दहा लुकलुकींचा हिशोब: वॅट = ११२५० ÷ सेकंद. १६०० च्या मीटरवर वर २२५०० घ्या. एका युनिटात ३६ लाख वॅट-सेकंद असतात, त्यांना ३२०० ने भागून दहाने गुणलं की ११२५० येतात.

नंदनवन_दुसरा_मजला

करून पाहिलं. मीटर ३२०० चा आहे. नुसता पंखा: दहा लुकलुकींना ६८ सेकंद. पंपासह ६० सेकंद.

म्हणजे पंखा ११२५० ÷ ६८ = १६५ वॅट. पंप धरून १८७.५. पंप एकटा २२ च्या आसपास. पॉवर फॅक्टर १६५ ÷ १८८.७ = ०.८७. पंपासह रोज १२ तासांनी महिन्याचे साडेसदुसष्ट युनिट. ३३५ पेक्षा हा आकडा कितीतरी पटण्यासारखा आहे.

पंपाचा करंट क्लॅम्पवर मोजायला गेलो तर कधी ०.१, कधी ०.२. आणि गीझरची वायर सरळ क्लॅम्पमध्ये धरली तर शून्य.

अडीचची_वायर

शून्य आलं कारण दोन्ही तारा एकत्र क्लॅम्पमध्ये होत्या. फेजमधून जाणारा आणि न्यूट्रलमधून परतणारा करंट एकमेकांचं चुंबकत्व खोडतात. एकच तार जबड्यातून गेली पाहिजे. त्यासाठी एक मोजणीची दोरी करून ठेवा: सोळा अँपिअरचा थ्री पिन, दीड मीटर वायर, पुढे सॉकेट. बाहेरचं काळं आवरण मधल्या वीतभर भागात जपून उभं चिरून फेज, न्यूट्रल आणि अर्थ वेगळे दिसतील असे ठेवा. आतल्या रंगीत इन्सुलेशनला पातं लागू द्यायचं नाही. लागलं तर तो तुकडा फेकून नवीन घ्या. वायर दीड स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर) घ्या, गीझर मोजायचा असेल तर अडीचची.

पंपाच्या छोट्या करंटसाठी फेजची तार जबड्यावर दहा वेढे गुंडाळा. मीटर दहापट दाखवेल, मग दहाने भागा. १.७ दिसले तर ०.१७ अँपिअर. बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) मिळणारे साधे क्लॅम्प अर्ध्या अँपिअरच्या खाली भरवशाचे नसतात, वेढ्यांनी ती अडचण सुटते.

आणि मल्टिमीटरचा करंट मोजायचा लाल लीड "१० ए" च्या भोकात ठेवून कोणीही सॉकेटमध्ये लीड घालू नये. त्या भोकाचा आतला रेझिस्टन्स ओहमच्या शंभराव्या भागात असतो. २३० भागिले ०.०५ करून बघा, सरळ शॉर्ट आहे. ओहमच्या रेंजवर असताना चालू लाइनला लावणं हीही तितकीच वाईट चूक. आधी प्लग बाहेर, मग ओहम. मोटर असेल तर कपॅसिटरही एखाद्या बल्बमधून डिस्चार्ज करून घ्या.

आता एक्स्टेन्शन. कूलर बाल्कनीत आणि सॉकेट आत, असं बहुतेक घरी असतं. ०.७५ स्क्वेअरच्या लवचिक तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला २६ ओहम, एक स्क्वेअरचा १९.५, दीडचा १३.३, अडीचचा ७.९८. लांबी जाऊन-येऊन धरायची. २० मीटरचं ०.७५ चं एक्स्टेन्शन म्हणजे ४० मीटर तार, १.०४ ओहम.

कूलर: ०.८५ × १.०४ = ०.९ व्होल्ट पडतात. काही बिघडत नाही.

इस्त्री: ४.२ × १.०४ = ४.४ व्होल्ट, तारेत १८ वॅट उष्णता. चालून जातं.

२००० वॅटचा गीझर: ८.७ × १.०४ = ९ व्होल्ट, ७९ वॅट उष्णता. मोकळ्या पसरलेल्या वायरला एकवेळ झेपेल, पण तीच वायर रीळावर गुंडाळलेली असेल तर आतल्या थरांना वाराच मिळत नाही आणि पीव्हीसी मऊ पडतं.

करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, ते असं. त्याहून वाईट म्हणजे ढिला सांधा. प्लगच्या पिनेशी स्क्रू सैल होऊन तिथे फक्त अर्धा ओहम वाढला तर गीझरच्या ८.७ अँपिअरवर ३८ वॅट एकाच पिनेत तयार होतात. सोल्डरिंग आयर्न तेवढ्याचंच असतं. सॉकेट काळं पडतं ते यामुळे. नवीन सॉकेट बसवून फायदा नाही, जुनी तापलेली तार काडीएवढी कापून ताजं तांबं स्क्रूखाली घ्यावं लागतं.

वाइंडिंग_महाल

तुमच्या ५३ ओहमचा एक खरा उपयोग आहे, तो वाया घालवू नका. मोटरच्या आतलं तापमान त्यातूनच कळतं.

सकाळी मोटर थंड असताना रेझिस्टन्स आणि खोलीचं तापमान दोन्ही लिहून ठेवा. समजा ३५ अंशांना ५३ ओहम. दुपारी दोन-तीन तास चालवून प्लग काढा आणि अर्ध्या मिनिटाच्या आत पुन्हा मोजा. मीटरच्या लीड शॉर्ट करून दिसणारे ०.२-०.३ ओहम दोन्ही वेळा वजा करा. समजा आता ६५ आले.

६५ ÷ ५३ = १.२२६. थंड तापमानात २३५ मिळवा: २७०. गुणाकार ३३१. त्यातून २३५ वजा: ९६ अंश. हे वाइंडिंगचं सरासरी तापमान, सर्वांत गरम जागा अजून पाच-दहा अंश वर असते. तांब्यासाठी २३५, ॲल्युमिनियमच्या वाइंडिंगसाठी २२५ घ्या. स्वस्त मोटरी ॲल्युमिनियमच्या असतात, पण उत्तरात फरक दोन अंशांचाच पडतो.

मोटरच्या पाटीवर इन्सुलेशनचा वर्ग असतो. "बी" म्हणजे १३० अंशांपर्यंत. ९६ आले तर निवांत राहा. ११५-१२० यायला लागले तर कारण शोधा: ताट्यांवर (कूलरच्या बाजूंच्या ओल्या गवती जाळ्यांवर) क्षार चढून हवा अडलेली, बुश कोरडे पडलेले, किंवा कपॅसिटर उतरलेला. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या कूलरच्या ताट्या मोसमाच्या मध्यातच पांढऱ्या कडक होतात. कपॅसिटर चार मायक्रोफॅरडचा असून मीटरवर तीनच भरत असेल तर पंखा हळू फिरतो आणि मोटर जास्त तापते. कपॅसिटर स्वस्त आहे, आधी तो बदला. मोटर रिवाइंडिंगला टाकायचा विचार नंतर.

थंड असतानाच ५३ चे ४४-४५ झाले असतील तर काही वेढे आपसात शॉर्ट झालेत. अशी मोटर चालत राहील, पण करंट वाढलेला असेल आणि वार्निशचा वास येईल. ती मात्र उघडायलाच हवी.

काटोल_रोड_५

१०० वॅटचा पिवळा बल्ब मोजला तर ३८ ओहम आला. त्यातून १३०० वॅट येतात. तोही काय मोटर आहे का?

टाँग_टेस्टर

नाही, बल्ब शुद्ध रेझिस्टन्सच आहे, पण टंगस्टनचा. थंडपणी ३८ आणि अडीच हजार अंशांना ५२९. चौदापट वाढतो. निक्रोम आणि टंगस्टन यातला हा फरक लक्षात असू द्या. त्या १३०० वॅटचा ओढा खरोखर असतो, बटण दाबल्याच्या पहिल्या काही मिलिसेकंदांपुरता. जुने बल्ब बहुतेक वेळा चालू करतानाच उडायचे ते त्यामुळे.

अडीचची_वायर

वॅटचं झालं. पण प्रश्नात "लोखंडी बॉडी" हा शब्द आहे, आणि तो वाचून हा हिशोब लिहिल्याशिवाय राहवत नाही. कूलरच्या पंपाची वायर पाण्यात असते, मोटर दमट हवेत असते, आणि हात लावणारा बहुतेक वेळा ओल्या फरशीवर अनवाणी उभा असतो. उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या शॉकने माणसं जातात. त्यांतल्या बऱ्याच घरांत अर्थिंग "होतं".

ओहमचाच नियम लावून बघा. बिल्डिंगच्या अर्थच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स समजा २१ ओहम आहे. पावसाळ्यात ओल्या काळ्या मातीत तो बराच कमी असतो, पण मे महिन्यात माती भेगाळते, पाइपपासून सुटते आणि आकडा चढतो. आता पंपाची फेज बॉडीला लागली. करंट = २२२ ÷ २१ = १०.६ अँपिअर. सोळाचा एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा बोर्डातला स्विच) त्याला साधा लोड समजतो आणि तासन्‌तास चालू राहतो. "सी" वर्गाचा सोळाचा एमसीबी झटक्यात पडायला निदान ८० अँपिअर लागतात, म्हणजे पूर्ण वाट २२२ ÷ ८० = २.८ ओहमच्या आत हवी. नुसत्या खड्ड्याच्या जोरावर मेमध्ये हे मिळवणं फार कठीण. तोवर बॉडीवर व्होल्टेज तसाच, आणि ओल्या माणसाचा रेझिस्टन्स धरतात सुमारे १००० ओहम. २२२ ÷ १००० = ०.२२ अँपिअर, म्हणजे २२० मिलिअँपिअर. हृदयाची लय बिघडायला याच्या निम्म्याहून कमी पुरतो.

उपाय ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच. ती फेज आणि न्यूट्रलच्या करंटमधला फरक बघते, खड्ड्याच्या जोरावर अवलंबून नसते. ५० व्होल्ट ÷ ०.०३ = १६६७ ओहमपर्यंत अर्थ वाईट असला तरी बॉडी धोक्याच्या व्होल्टेजला टिकण्याआधीच ती पडते. महिन्यातून एकदा तिचं टेस्ट बटण दाबा. लगेच पडली पाहिजे.

"बल्ब लावून बघितला, पेटला, म्हणजे अर्थिंग ओके" हे ऐकून घेऊ नका. १०० वॅटच्या बल्बला ०.४२ अँपिअरच लागतात, २१ ओहममध्ये त्याचे ९ व्होल्ट पडतात. २१३ व्होल्टवर बल्ब झकास पेटतो. पेटल्यावर फेज ते अर्थ व्होल्टेज किती उतरला ते मोजलं तरच अर्थ कळतो: ९ ÷ ०.४२ = २१. आणि अर्थ तुटलेलाच असेल तर याच बल्बमधून घरातल्या सगळ्या धातूच्या बॉड्या जिवंत होतात, म्हणून हे स्वतः करू नका. लायसन्सवाल्या वायरमनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्या, तेही आत्ता, कोरड्या मातीत.

नंदनवन_दुसरा_मजला

आमच्या बोर्डात आरसीसीबी नाही, फक्त एमसीबी आहेत. पूर्ण घराला लावू की कूलरच्या लाइनला? पाणी भरताना आम्ही बटण बंद करतो, तेवढं पुरतं का?

अडीचची_वायर

पूर्ण घराला, मेन स्विचनंतर, ४० अँपिअर, दोन पोल, ३० मिलिअँपिअर. बसवताना प्रत्येक लाइनचा न्यूट्रल आरसीसीबीच्या पुढच्या न्यूट्रल पट्टीलाच आणावा लागतो. एखादा न्यूट्रल जुन्या पट्टीवर राहिला किंवा शेजारच्या फ्लॅटशी जोडलेला असला तर बसवल्या क्षणी पडत राहील. मग वायरमन म्हणेल आरसीसीबी खराब आहे, काढून टाकू. काढू देऊ नका, न्यूट्रल शोधायला लावा. २२२ ÷ ०.०३ = ७४०० ओहम, म्हणजे कुठल्याही वस्तूचं गळतं इन्सुलेशन त्याच्या खाली गेलं की ती पडणारच. प्रत्यक्षात १५ ते ३० मिलिअँपिअरच्या मधेच पडते, म्हणजे १४-१५ हजार ओहमपासूनच. जुना गीझर आणि हीटर रॉड यात आधी सापडतात. पाचशे व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) पिना ते बॉडी एक मेगाओहमच्या वर यायला हवा. मल्टिमीटरवर "ओपन" दिसणं पुरेसं नाही.

बटण बंद करणं पुरत नाही. ते एकाच तारेत असतं, आणि सॉकेटची फेज-न्यूट्रल उलटी जोडलेली असेल तर बटण बंद असूनही पंपापर्यंत फेज पोचलेली असते. प्लग उपसून हातात दिसला पाहिजे, मगच पाइप टाकीत. आणि तोवर कूलरच्या प्लगची जाड (अर्थची) पिन तपासा: बॉडीच्या स्क्रूपासून त्या पिनेपर्यंत मीटरवर अर्ध्या ओहमच्या आत यायला हवं. रंगाखाली स्क्रू बसलेला असेल तर तिथेच तुटलेलं सापडेल. रंग खरवडून, खाली दातेरी वॉशर घालून घट्ट करा.

नंदनवन_दुसरा_मजला

बॉडी ते जाड पिन आत्ताच मोजलं. "ओएल" दाखवून राहिला, म्हणजे वाट तुटलेलीच. स्क्रूखाली निळा रंग तसाच होता. प्लग काढून ठेवला आहे, रंग खरवडून पुन्हा मोजतो, आणि वायरमनला उद्या सकाळी बोलावलं आहे.